कपाटाच्या दारावरच्या तारखा

अमेरिकेच्या वाळवंटी भागातल्या ट्युसन शहरात राहणाऱ्या वांडा प्रूइटचा एसी ऐन जूनच्या काहिलीत बंद पडला. वर्षाचे पैसे घेऊन घरातली यंत्रं दुरुस्त करून देणाऱ्या वॉरंटी कंपनीचा माणूस डॅरेल म्हणाला, "बाई, देखभालीचा पुरावा नसेल तर कंपनी हात वर करते."

शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या वांडाने एसीचं मशीन बसवलेल्या कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतून पेन्सिलीने तारखाच तारखा! नवरा गेल्यापासून अकरा वर्षं दर महिन्याला तिने छताजवळचा हवेचा फिल्टर स्वतः बदलला होता.

"एक महिना चुकला की!" डॅरेल हसला.

"तेव्हा खुबा मोडला होता. पुढची तारीख बघ, वाकडी आहे. कुबडी धरून लिहिलीय."

डॅरेलने दाराचा फोटो कंपनीला पाठवला आणि दुरुस्ती मंजूर झाली. घर गार झाल्यावर शेजारीण म्हणाली, "नशीबवान आहेस!"

"नशीब कसलं?" वांडा ताठ मानेने म्हणाली. "स्टुलावर मी चढत होते."