शिला मॅडमचा दगड

"जाऊ द्या हो" एवढे दोन शब्द कानावर पडले की शिला मॅडमचं डोकं सणकायचं. औंढ्याच्या देवळात पूजेचा मान असलेल्या घरातली ही लेक. दर्शनाच्या रांगेत एखादं लेकरू रडायला लागलं की "जाऊ द्या हो" म्हणत आधी त्याचं तोंड दाबायचं आणि कारण नंतर कधीच विचारायचं नाही, हे ती लहानपणापासून बघत आलेली.

पुसेगावच्या पलीकडे एका दोनशिक्षकी शाळेवर ती रुजू झाली, तर तिथंही तेच. पोरांना काय झालं म्हणून विचारावं तर उत्तर ठरलेलं, "काई न्हाई." आणि काई न्हाई म्हणता म्हणता शेजारच्याच्या पाठीत धपाटा.

मग तिनं परिपाठात एक नवीनच काम काढलं. प्रार्थना, प्रतिज्ञा झाली की आज आत काय चाललंय ते ज्यानं त्यानं सांगायचं. पोटात कालवतंय? छाती धडधडतेय? हात शिवशिवतायत? राग वेगळा, भीती वेगळी, हेवा वेगळा. प्रत्येकाला त्याच्या नावानं हाक मारायची. आणि कुणावर हात उचलावासा वाटला तर परवानगी न मागता उठायचं, फाटकाबाहेर वाटेच्या कडेला लिंबाखाली चपटा दगड आहे त्यावर जाऊन बसायचं. आतलं निवळलं की परत यायचं. कुणी टोकायचं नाही, कुणी मागं जायचं नाही.

गावानं यथेच्छ टिंगल केली. मुख्याध्यापक विजयकुमार सरांनी हळूच सुचवलं की अशानं अभ्यासक्रम मागं पडेल. "रोज मारामाऱ्या सोडवण्यात जातो तो वेळ कोणत्या अभ्यासक्रमात बसतो, सर?" तिनं विचारलं. सरांना एकदम ऑफिसातलं काम आठवलं.

कोमल तिसरीत होती. दिवाळीनंतर तिची आई तापानं गेली आणि पोरीनं बोलणंच टाकलं. चावायची मात्र कडकडून. दगडावर सगळ्यांत जास्त तीच बसायची. शिला खिडकीतून नजर ठेवायची, पण आपलाच नियम मोडून जवळ जायची नाही. एका सकाळी कोमल उठून आत आली आणि आपणहून म्हणाली, "मॅडम, मला राग न्हाई आला. मायची आठवण येऊन राहिली." शिलाचे डोळे भरून आले आणि तिनं ते पोरांपासून लपवले नाहीत.

त्याच आठवड्यात कुणीतरी उत्तमरावांचे कान भरले. उत्तमराव म्हणजे कोमलचे आजोबा, शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्यापुढं आवाज चढवायची गावात कुणाची छाती नव्हती. पाच-सात माणसं मागं घेऊन ते थेट वर्गात आले.

"मॅडम, माझी नात रोज कुटं बसती, ठाऊक हाय का तुमाला?"

"लिंबाखाली. दगडावर."

"तिरडी टेकवायचा दगड हाय त्यो! मसणात नेताना तिथं खांदा बदलतेत. अन् तुमी तिथं लेकरं बसवता?"

शिलाला हे नवीनच होतं. मसणाच्या त्या वाटेनं बायकांना पुढं नेतच नाहीत, तर दगडाचं तिला कोण सांगणार? पोरं तर गप्पच राहिली होती, कारण मॅडमला सगळं ठाऊक असतं, अशी त्यांची खात्री.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आधी विचारायला पायजे होतं."

"मंग आजपासून हे सारं बंद. रडणं-कुढणं शिकायला न्हाई धाडत आमी लेकरं. बंद होत नसंल तर कोमलचा दाखला काढा. वारंगा फाट्याला मामाकडं घालतो तिला."

"जाऊ द्या हो मॅडम, करा बंद," विजयकुमार सर पुटपुटले. झालं! नको तेच बोलले.

"दगड चुकला, आबा. शिकवणं न्हाई चुकलं." शिलाचा आवाज चढला. "पोरांना दुसरी जागा देते. पण दाखला मी लिहिणार न्हाई. वर कळवा, बदली करा, काय करायचं ते करा. आत्ता कुठं पोरगी बोलायला लागली, तिचं तोंड मी दाबणार न्हाई. अन् ती तिथंच काहून बसती, हे तिला कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. कोमल दाराशी मुठी आवळून उभी होती. आता ही चावणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "मायला तिथं टेकवलं व्हतं. मला मायचं तोंड बघायचं व्हतं, अन् तुमी मला तिथूनच मागं फिरवलं, आबा. मला तुमचा लई राग आलाय."

"घ्या, हेच शिकवलं मॅडमनं," मागून एकजण म्हणाला.

"व्हय, हेच शिकवलं!" शिला ताडकन म्हणाली. "चावली न्हाई, बोलली." आणि ती कोमलच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आता बदली काय, निलंबन झालं असतं तरी ती तिथून हलली नसती.

उत्तमरावांचा चेहरा लालबुंद झाला होता. अखेर त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि मागच्या माणसांना म्हणाले, "जा तुमी. दाखला-बिखला काई काढायचा न्हाई."

माणसं गेल्यावर ते गुडघ्यावर हात टेकत नातीपुढं खाली बसले. "मलाबी तिथून पुढं जायचं न्हवतं, पोरी," ते म्हणाले. "खांद्यावर तुजी माय व्हती, म्हणून जावं लागलं."