टोकापर्यंत

लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर एक मराठी बाई आहेत, पन्नाशीच्या. बुधवारी मुलं घरी गेली की वह्या कपाटात, टॉवेल पिशवीत, आणि "चल गं, निघते" म्हणत बाई पोहणं शिकायला जातात. गुरुवारी हजेरीआधीच मुलं विचारतात, "मिस, टोकापर्यंत पोचलात?" बाई न लाजता सांगतात, "नाही रे, अर्ध्यातच पाय टेकले."

गेल्या महिन्यात बुधवारी दुपारी फोन आला, उद्या इन्स्पेक्शन. आम्ही सगळे थांबलो. बाईंनी टॉवेल उचलला.

"अहो, आज तरी थांबा ना," मी म्हटलं.

"अगं, रोज शिकवते तेच उद्या शिकवणार. त्याला वेगळी तयारी कसली?"

मला रागच आला. मी सात वाजेपर्यंत भिंतीवरचे तक्ते बदलत बसले.

गुरुवारी इन्स्पेक्टर त्यांच्या वर्गात मागे बसले होते. दोन वर्गांमधलं दार उघडं होतं. मुलांनी विचारलंच. बाई म्हणाल्या, "पोचले."

काय टाळ्या पडल्या! दाराच्या अलीकडे मीही वाजवत होते, आमच्या बाई म्हणून ऊर भरून आला होता. माझ्या वर्गातली मुलं बघतच राहिली. मग पुढच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मिस, तुम्ही काय शिकताय?"