दुपट्ट्याखालचं क्रियापद

चौथीत मला क्रियापद ओळखता आलं नाही, म्हणून मी बैलांचा दलाल झालो. वर्गातून हाकलताना गुरुजी "बैल!" म्हणाले होते. मी तोच धंदा धरला, साकोलीच्या बाजारात नाव कमावलं, पण राग गेला नाही. (अजूनही गेलेला नाही.)

आणीबाणी उठली त्या साली माझी लेक कुसुम त्याच गुरुजींच्या हाताखाली, त्याच क्रियापदावर नापास झाली! मी तावातावाने शाळेत गेलो. गुरुजींनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं आणि माझ्या तोंडून शिवीऐवजी नमस्कार निघाला. तरी घासाघीस करून तोंडी फेरपरीक्षा पदरात पाडलीच.

"रविवारी घरी आण पोरीले. नाही आलं, तर वर्ष गेलं समज."

माझी पाचावर धारण बसली. शेवटी बाजारातलीच युक्ती काढली. आम्ही दलाल भाव तोंडाने बोलत नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली हात घालून समोरच्याची बोटं दाबतो. ठरलं! एक बोट नाम, दोन विशेषण, तीन क्रियापद.

"पण बाबा, तुमाले येते का?"

"मले शिकवून राहिली का?"

रविवारी गुरुजींच्या ओसरीवर बसलो. दुपट्ट्याखाली पोरीचा हात गार. माझा घामाने चिंब.

"पांढरा बैल चिखलात पडला. यातला 'पडला' कोणता शब्द?"

मी हिशेब केला. पडलेल्या बैलाने काम काय केलं? काहीच नाही! उलट किंमत उतरली. म्हणजे हा बैलाचा गुण. मी दोन बोटं करकचून दाबली.

कुसुमने हात सोडवून घेतला. "क्रियापद, गुरुजी."

"काहून?"

"'पांढरा' काढला तरी बैल पडतेच. 'पडला' काढला, तर बैलाचं काय झालं तेच समजत नाही."

संपलं! पोरगी बुडाली! मी चाचपडत तिचा हात पुन्हा पकडला आणि जीव खाऊन दोन बोटं दाबली. हात खरखरीत लागला. खडूसारखा कोरडा.

मान वर केली. गुरुजी पुढे वाकून बसले होते, त्यांचाच हात माझ्या दुपट्ट्याखाली. (त्यांच्याही घरी शेती होती, बैलबाजार त्यांनी माझ्याआधी पाहिला होता!)

"दोन म्हंजे विशेषण का रे? चौथीतबी हेच सांगतलं होतं तू! पोरगी पास. तू ऊठ. अंगठे धर."

आणि मी धरले! शेजारून कुसुम भेदरून कुजबुजली, "बाबा, गुडघे वाकवू नका. छडी बसते."

बाजारात कुणापुढे न वाकणाऱ्या दलालाने गुडघे सरळ केले.