पोरीला खाली झोपवा

हा अनुभव लिहू की नको, यात बरेच महिने गेले. कारण आजवर कुणी भुताखेताचा विषय काढला की मी उठून चहा टाकायला जाणाऱ्यातली! माझं कामच मुळात मशीनवर दिसेल तेवढंच खरं मानायचं. मी टू-डी इको काढते — म्हणजे छातीवर प्रोब ठेवून हृदय स्क्रीनवर बघायचं. सध्या नाशिकला गंगापूर रोडच्या एका संशोधन प्रकल्पात आहे. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथे एक झडप असते, तिला तीन पाकळ्या असतात. काहींना जन्मतः दोनच असतात. अशी झडप पुढे कडक होते, अरुंद होते, आणि बऱ्याचदा माणसाला वर्षानुवर्षं पत्ताही नसतो. हे घराण्यात का उतरतं, यावर आमचं काम चालू आहे. म्हणून एक पेशंट सापडला की आम्ही त्याच्या आईवडिलांना, भावंडांनाही तपासणीला बोलावतो.

योगेश असाच आमचा पेशंट. सटाण्याकडचा, घरची डाळिंबाची बाग. त्याची झडप बदलून झाली होती. आईवडील दोघंही तपासणी करून गेले, राहिली फक्त धाकटी बहीण मनीषा. तिचं लग्न ठरत होतं ना...

"पोरीच्या नावावर हार्टचं दुखणं नको लागायला, मॅडम," तिच्या आई मला फोनवर म्हणाल्या होत्या. "सोयरीक मोडेल."

त्या शनिवारी योगेश फॉलोअपला आला तेव्हा मनीषा सोबत होती, पण नुसती सोबत. मी म्हटलं, "आलीच आहेस तर पाच मिनिटं झोप इथे, मी बघते." ती भावाकडे बघायला लागली.

"हिला काही नाही हो, मॅडम," योगेश म्हणाला. "दिवसभर बागेत काम करते. उन्हानं दमते तेवढीच."

मी जास्त ताणलं नाही. जेवायची वेळ झाली होती, म्हणून मीही त्यांच्यासोबतच खाली निघाले. आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. लिफ्ट जुनी, लोखंडी दाराची, जेमतेम चार माणसांची. मध्येच गचका बसला आणि लाइट गेली.

इथे एक सांगायला हवं — मला बंद जागेची भयंकर भीती वाटते. लहानपणापासून. एरवी लिफ्टमध्ये चढले की मजल्यांचे आकडे बघत राहते, म्हणजे निभतं. आता आकडेच नव्हते. पंखा बंद, एप्रिलचा उकाडा, दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ. योगेशने बेल दाबली, ती वाजेना. मोबाइलला रेंज नाही. त्याने दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. खाली कुणीतरी ओरडलं, "लाइट गेलीय! माणूस बोलावलाय!" आणि पुन्हा सगळं शांत.

मी कोपऱ्यात खाली बसले, रुमाल तोंडात घट्ट धरला. भिंती जवळ येतायत असं वाटत होतं. हात आखडले होते. आपण आता यातून बाहेर पडत नाही, एवढा एकच विचार डोक्यात. लाज वाटत होती, पण उठता येत नव्हतं.

तेवढ्यात बटणांच्या खाली जी भोकाभोकांची जाळी असते ना — इंटरकॉमची — तिथून आवाज आला. बाईचा. शांत, जरा वयस्क.

"पोरीला खाली झोपवा."

मला वाटलं, वॉचमनची बायको असेल. पण पोरीला का? आजारी तर योगेश! मी मोबाइलच्या उजेडात त्याच्याकडेच बघत होते. तो ठीक होता.

"भावाला नाही, पोरीला. आत्ता झोपवा. पाय वर धरा."

मनीषा भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे उजेड वळवला, तर ओठ पांढरे, डोळे भलतीकडेच. ती घसरायला लागली. योगेशने तिला तशीच धरून खाली आडवी केली आणि तिचे पाय उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतले.

"मनी! ए मनी, काय व्हयनं?"

मी जागची हलले नाही. या कामात इतकी वर्षं घालवलेली मी... नुसती बघत होते. मग जाळीतून पुन्हा आलं, "जिवंत आहे ती. पाय सोडू नका."

थोड्या वेळाने मनीषाने डोळे उघडले. लाइट आली, लिफ्ट हलली.

आम्ही तिला तशीच वर नेली. या वेळी कुणी 'नको' म्हणालं नाही. प्रोब ठेवला. दोनच पाकळ्या, आणि झडप भावाच्या झडपेपेक्षाही अरुंद झालेली. आमचे सर, म्हणजे प्रकल्पाचे हृदयरोगतज्ज्ञ, म्हणाले, "कुणी तिला उभीच धरून ठेवली असती, तर कठीण होतं."

सोमवारी मी वॉचमनला विचारलं, शनिवारी इंटरकॉमवर कोण बाई होती? तो हसायला लागला. लिफ्टवाला तिथेच दुरुस्ती करत होता, त्याने जाळीचा स्क्रू काढून दाखवला. आत स्पीकरच नव्हता. वायरसुद्धा नाही, नुसती धूळ.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या सरावलेल्या नजरेला तिचा फिका चेहरा आधीच दिसला असेल. घाबरल्यामुळे तुझाच विचार तुला आवाजासारखा ऐकू आला." मला पटलं. खरंच पटलं, हायसं वाटलं.

मग मनीषाच्या ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर मी योगेशला सहज विचारलं, "त्या जाळीतून आवाज आला, तो तुला ओळखीचा वाटला का रे?"

तो गोंधळला. "जाळीतून कुठे? तुम्हीच बोलत होत्या ना, मॅडम."

"मी?"

"हो. 'तिले खाले झोपाड, पाय वर धर' म्हणाल्या. मग 'ती जित्ती शे' म्हणाल्या. रुमाल तोंडात होता तरी साफ ऐकू आलं. मला तेव्हाच वाटलं, मॅडम आपल्याकडच्या दिसतात."

माझं माहेर कोल्हापूरचं. योगेशकडची ती अहिराणी बोली मला येत नाही. बोलता तर नाहीच, कुणी भराभरा बोललं तर कळतसुद्धा नाही. मी तिथे तोंड उघडलं नव्हतं, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. आणि मला जे ऐकू आलं, ते साध्या मराठीत होतं.

मनीषा आता बरी आहे. ती सोयरीक मात्र मोडली. ती म्हणते, बरंच झालं.

तिच्या आईचा अधूनमधून फोन येतो. योगेशने लिफ्टमधलं घरी सांगितल्यापासून त्या माझ्याशी फक्त अहिराणीतच बोलतात. "मावशी, मला खरंच येत नाही हो," असं मी किती वेळा सांगितलं. त्या हसतात, आणि बोलत राहतात. मी फोन कानाला लावून ऐकत बसते... एक वाक्य धड कळत नाही, पण मध्येच ठेवून द्यायचा धीर होत नाही.