इसाक मिस्तरीचा उजवा हात

बातमी त्याच्या पोराने आणली. युसूफ सायकल शाळेच्या भिंतीला टेकवून वर्गाच्या दारात उभा राहिला आणि पोरांसमोरच म्हणाला, "मास्तर, अब्बा गया. जोहर के बाद मिट्टी है." इसाकच्या छातीत पहाटे कळ आली आणि हकीम येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. दुपारच्या नमाजानंतर कबरस्तानात गेलो. माझ्या गावचे, तापीकाठचे, चार-पाच जणही आले होते. एवढ्या वर्षांनी का होईना, आले. मातीच्या तीन-तीन मुठी टाकून झाल्यावर त्यांतला एक हात झटकत मला म्हणाला, "मानूस सोना व्हता मास्तर. तेवढा एकदाच हात चुकना त्याना." मी मान डोलावली. वास्तविक इसाकचा हात कधीच चुकला नव्हता, आणि हे त्या कबरस्तानात मला एकट्याला ठाऊक होतं. तरीही मी मान डोलावली... त्याला आज सात आठवडे झाले. रोज रात्री ती डोलावलेली मान आठवते आणि स्वतःची शिसारी येते.

इसाकचं दुकान शहाद्याला. ऑइल इंजिनं, शिलाई मशिनं, शेतकऱ्यांच्या डुकरं मारायच्या परवान्याच्या बंदुका, हे त्याचं पोटापाण्याचं काम. आवडीचं काम वेगळं. संस्थानं खालसा झाली तेव्हा शिपाईप्याद्यांची मोडकी हत्यारं भंगारात निघाली. खापर गावच्या बाजारात जुन्या कुलपांच्या आणि खिळ्यांच्या ढिगात कुठे घोडा मिळायचा, कुठे मूठ, कुठे नळी. इसाक ते तुकडे आणायचा आणि जोडून पिस्तूल उभं करायचा. परवाना नव्हता, हे सांगायला आता लाज कशाला? कोणी पत्ते कुटतं, कोणी कबुतरं पाळतं, आम्हाला पिस्तुलांचं वेड होतं. आम्ही म्हणजे तिघं: इसाक, माझा थोरला भाऊ दादा आणि मी. बाजाराच्या दिवशी दुकानात बैठक जमायची आणि मतांची नुसती हाणामारी चालायची. दादाचं मत, पिस्तूल दिसायला पाहिजे, चकचकीत, शिंपल्याच्या मुठीचं, कमरेला लावलं की समोरच्याची बोबडी वळली पाहिजे. मी कुठूनतरी मिळवलेला एक इंग्रजी कॅटलॉग वाचलेला, म्हणून मी उंटावरचा शहाणा. माझं मत, कारखान्यात जे होतं ते घरी होणं नाही. इसाक दोघांनाही हसायचा. "कारखानानं पिस्तूल म्हनजे खानावळनी भाकर," तो म्हणायचा. "पोट भरस, पन कोनी थापी ते ठावं नही." तुकडे वेगवेगळ्या घरांतून आलेल्या सुनांसारखे असतात, त्यांना महिनाभर एकत्र नांदू द्यावं, मगच त्यांच्याविषयी बोलावं, असं तो म्हणे. महिनाभर तो रोज ते तुकडे घासून, बसवून, पुन्हा सुटे करून बघायचा. आणि पहिला बार नेहमी स्वतः काढायचा, स्वतःच्या हातात धरून. दोरी बांधून लांबून बार काढणाऱ्यांना तो कारागीर म्हणायलाच तयार नव्हता.

दादाविषयी लिहिताना हात अडखळतो, कारण तो माझा भाऊ होता आणि मला तो भारी प्रिय होता. पण माणूस तापट. एकदा पाणी उशिरा सोडलं म्हणून त्याने आमच्या सालदाराला पिस्तुलाच्या मुठीने मारलं. कपाळ फुटलं, त्याच्या डोळ्यांत रक्त ओघळलं, तरी दादा मारतच राहिला. मीच त्याला मागून धरला. पुढच्या बाजाराला दादा दुकानात आला आणि मूठ जरा हलते म्हणाला. इसाकने पिस्तूल हातात घेतलं, मुठीच्या फटीतलं वाळलेलं रक्त नखाने खरवडून पाहिलं, सगळं समजला. आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, काढून त्याने आपल्या बंडीच्या खिशात टाकली आणि कमान नसलेलं पिस्तूल दादापुढे ठेवलं. "जवलगुन तो सालदार तुन्हासंगे हासीसन बोलत नही, तवलगुन ही भेटाव नही." दादाने शिव्या दिल्या, गचांडी धरली. इसाक हलला नाही. शेवटी पाच आठवड्यांनी दादा त्या सालदाराला घेऊन दुकानात आला, त्याला चहा पाजला, तो हसला, तेव्हा कमान परत मिळाली. दादाला वठणीवर आणणारा हा एकच माणूस होता.

मग तो दसरा आला. आपण तेव्हा अजून मुंबई राज्यात होतो. इसाकने दादासाठी नवं पिस्तूल जोडलं होतं, त्याच्या मते आजवरचं सगळ्यात चांगलं. स्वतः सात बार काढून मगच दिलं. खंडेनवमीला दादाने ते घरी आणलं आणि घटापाशी ठेवलं. दसऱ्याला सकाळी आईने पूजा केली. कोयता, कुऱ्हाड, बंदूक, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. नव्या पिस्तुलापाशी आली तेव्हा तिला भरून आलं. तिने घटातलं धान, बोट-दीड बोट वाढलेले ते गव्हाचे पिवळे कोंब, मुळांसकट ओल्या मातीच्या ढेकळासह उपटले आणि नळीच्या तोंडात अंगठ्याने दाबून तुरा खोचला. मी समोर बसलो होतो. कॅटलॉग वाचलेला मी! मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. उलट वाटलं, किती छान दिसतंय... संध्याकाळी सीमोल्लंघनाला सगळं गाव शिवेवरच्या आपट्यापाशी जमलं. दादाने नळीतला तुरा उपटून फेट्यात खोवला. कोंब आले, मुळं तुटून मागे राहिली. इसाक शहाद्याहून मुद्दाम आला होता, दादाच्या डावीकडे उभा होता. दादाने हात वर करून चाप ओढला.

बार झाला तो बाराचा आवाज नव्हता. नळी फाटली. एक तुकडा दादाच्या गळ्यात शिरला. दोन्ही हातांनी गळा धरून तो गुडघ्यांवर आला, बोटांमधून रक्त उसळत होतं, आपट्याची पानं, माझं धोतर, इसाकची बंडी, सगळं लाल झालं. इसाकने आपलं उपरणं त्या जखमेत कोंबून धरलं. दादा त्याच्याकडे बघत होता, बोलू पाहत होता, नुसतेच बुडबुडे येत होते. मोजून चार-सहा श्वास. मी वेड्यासारखा जमीन चाचपत होतो, कशासाठी ते माझं मलाच कळत नव्हतं, आणि माझ्या हाताला नळीच्या तोंडाचा तुकडा लागला. गरम होता. आत माती होती, भाजून विटेसारखी झालेली, आणि मातीत जळलेली मुळं. मला लख्ख कळलं, नळीचं तोंड बुजलं होतं. मी तो तुकडा कोटाच्या खिशात टाकला.

तोवर कोणीतरी ओरडलं, मिस्तरीने कुचकी नळी घातली. दगड सुरू झाले. इसाक दादाचं डोकं मांडीवर घेऊन तसाच बसला होता, उठलासुद्धा नाही. त्याला ओढून बाजूला पाडला. लाथा घातल्या. मग दोघांनी त्याचा उजवा हात आपट्याच्या मुळावर ताणून धरला आणि तिसऱ्याने, "याच हातनी करं ना?" म्हणत कुऱ्हाडीच्या तुंब्याने, बोथट बाजूने, ठेचला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. इसाक ओरडत होता, "मन्हीच चूक व्हई! मन्हीच चूक व्हई!" एक शब्द पुरला असता. पण तो शब्द उच्चारला असता तर पाच पावलांवर ऊर बडवणाऱ्या आईला कळलं असतं की थोरल्या मुलाला तिनेच मारलं. मी अळीमिळी गुपचिळी बसलो.

इसाकला बिनपरवाना हत्यार केलं म्हणून दीड वर्षाची शिक्षा झाली. सुटून आला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं वाकडी सुकली होती. पिस्तुलाला त्याने पुन्हा हात लावला नाही. डाव्या हाताने शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. मी भेटायला जायचो आणि तो दर वेळी तेच बोलायचा. घोडा ठीक होता. चाप ठीक होता. सात बार झाले, मग आठव्याला काय झालं? नळीचं लोखंड ओळखण्यात चुकलो का? रात्री अंथरुणात तो मनातल्या मनात ते पिस्तूल सुटं करायचा आणि पुन्हा जोडायचा. त्या दसऱ्यापासून मोजली तर नऊ वर्षं! आणि मी समोर बसून त्याचा चहा प्यायचो.

आई गेली. तिचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा घेऊन दुकानात गेलो, सगळं सांगितलं. इसाकने तुकडा दाराच्या उजेडात नेला. आतली माती नखाने टोकरली, हुंगली, मुळाचा काळा धागा बोटावर घेतला. मग परत आला आणि डाव्या हाताने हातोड्याचा दांडा माझ्या तोंडावर मारला. माझे दोन दात पडले. दुसऱ्यांदा उगारला, पण मारला नाही. मी रक्ताने भरलेल्या तोंडाने म्हणालो, "माय व्हती रे... मायले कसं सांगतू?"

"मायले सांग अशे कोनी म्हनं?" तो किंचाळला. "गावले बी नको सांगू. पन माले? माले एकलाले काबर नही सांगं? मी कोनले बोलतू का? मार खातू, जेल भोगतू, गप ऱ्हातू. पन माले ते कळतं ना, मन्हा हात चुकना नही म्हनीसन!"

आईचं निमित्त होतं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. मी निघताना तो एवढंच म्हणाला, आता माय नाही, आता गावाला सांग, दसऱ्याला, त्याच आपट्याखाली. मी हो म्हणालो. पहिल्या दसऱ्याला मला ताप होता. दुसऱ्याला ताप नव्हता, तरी मी गेलो नाही. इसाकने विचारलं नाही. मी दुकानात गेलो की तो चहा मागवायचा, आणि तो तुकडा त्याच्या बाकावर, मशिनच्या सुयांच्या डबीशेजारी, मातीसकट ठेवलेला असायचा. त्याने ती माती कधी काढली नाही.

युसूफला मी मागच्या आठवड्यात सगळं सांगितलं. त्याने बाकावरचा तुकडा उचलला, आतली माती पाहिली आणि म्हणाला, "लिखो मास्तर. सब लिखो." लिहिलं. पण छापायला धाडण्याआधी एक काम राहिलं होतं. दादाची बायको, माझी यमुनावहिनी, हिला वाचता येत नाही. तिच्यासमोर बसून मी हे सगळं अक्षरन् अक्षर वाचलं. ज्या माणसाच्या नावाने तिने अकरा वर्षं बोटं मोडली, तो मेल्यावर. ती लसूण सोलत होती. सोलायची थांबली नाही. वाचून झाल्यावर तिने सासूविषयी विचारलं, "आत्याबाईले ठावं व्हतं का?"

"नही."

तिने शेवटची पाकळी सोलली. मग तिने हात पदराला पुसले.

"छापी दे," ती म्हणाली. "पन तू अर्धंच लिखं. दगड सुरू व्हयनात म्हने. दगड आपोआप सुरू व्हतस का? पहिला दगड मन्हा व्हता. नाव घालीसन लिख."

म्हणून लिहितो. पहिला दगड यमुनावहिनीचा. दुसरा कोणाचा, मला सांगता येणार नाही. तेव्हा मी मान खाली घातली होती.