भागी सुईणीचा दिनविशेष

मासवणच्या पलीकडे टेकडीला टेकून एक पाडा आहे. सरकारी कागदांवर विश्वास ठेवायचा, तर तिथली निम्मी माणसं एक जूनला जन्मली. पोराला पहिलीत घालताना बापाला तारीख सांगता येत नसे. मग पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का, ते बघून गुरुजी वर्ष ठरवत आणि पुढे 'एक जून' लिहून मोकळे होत. पाड्यातला जिवल्या बोईसरच्या एका कंपनीत लागला. तिथे कामगारांचे वाढदिवस करायची टूम निघाली, तेव्हा एक जूनला एका केकपुढे पाड्याकडचे अकरा जण उभे राहिले. "गाँव में उस दिन मेला था क्या?" सुपरवायझरने विचारलं, आणि सगळे पोट धरून हसले.

जिवल्याने हे पाड्यात येऊन सांगितलं, तेव्हा भागीला मात्र हसू आलं नाही. "एका दिशी कुत्रीची पिलं व्हतात," ती जिवल्यावर उखडली, "माणसं नाय."

तिला राग येणारच. चाळीस वर्षं पाड्याचं सुईणपण तिने केलं होतं. आता बाया दवाखान्यात जातात, आणि त्यांना तिथे धाडायला भागीच सगळ्यांत पुढे असते. पण त्याआधी जन्मलेला जवळजवळ प्रत्येक जीव तिच्या हातावर आला होता. किती, असं कुणी विचारलं की छातीवर हात मारून सांगायची, "दोनशे अकरा!" तारीख तिला कळत नसे, पण दिवस पक्का ठाऊक असे. कोणाच्या वेळी नदीला पूर होता, कोणाच्या वेळी कोणाची म्हैस हरवली होती, सगळं तोंडपाठ.

ही खाण दीपिकाच्या हाती लागली. दीपिका मूळची पाड्यातलीच. तिला जन्म देताना आई गेली, म्हणून वाणगावला मावशीकडे वाढली आणि शिक्षिका होऊन पाड्याच्याच शाळेत आली. शाळेच्या फळ्यावर ती रोज दिनविशेष लिहायची. एकदा भागी बोलता बोलता म्हणाली, "जिवल्याचा कमलेश पालघरला जिल्हा झाला त्याच दिशी झाला. रस्त्यात पेढे वाटत व्हते, आन माझे हात रगतानं भरलेले!" दीपिकाने एक ऑगस्टला फळ्यावर लिहिलं: लोकमान्य टिळक पुण्यतिथी. पालघर जिल्ह्याची स्थापना. आणि त्याखाली: जन्म, कमलेश जिवल्या, भागीच्या हातून.

कमलेश दिवसभर टिळकांखालोखाल मान ताठ करून फिरला.

मग पाड्याला वेडच लागलं. जिवल्या स्वतः कधीचा, तर दिल्लीत इंदिराबाईंना गोळ्या घातल्या त्या दिवसाचा. कंपनीचा केक त्याला त्यानंतर गोड लागेना. भागी सांगायची, दीपिका जुनी पंचांगं आणि मोबाईल धुंडाळून तारीख काढायची. भागीला अक्षरओळख नव्हती, पण फळ्यावर रोज बघून बघून एक शब्द तिला वाचता यायला लागला. तो तिचा स्वतःचा होता. शाळेवरून जाताना ती उगाच थांबायची आणि तेवढं वाचून पुढे जायची.

एक दिवस दीपिकाने विचारलं, "आजी, माझा दिवस गं?"

"नाय आठवत."

कुणाची म्हैस कधी हरवली ते सांगणाऱ्या बाईला हे आठवत नव्हतं! दीपिकाने मान हलवली आणि परत विचारलं नाही. तेच भागीला जास्त लागलं. कारण तिला सगळं आठवत होतं. दोनशे अकरांत दीपिका नव्हतीच. ती कधीच न मोजलेली दोनशे बारावी. तो दिवस फळ्यावर चढला, तर 'मृत्यू' लिहून त्याच्यापुढेही भागीचं नाव येणार होतं. ज्या नावावर ती म्हातारपणी एवढी जीव लावून बसली होती, तेच.

ऑक्टोबर आला. त्या वर्षी दिवाळी उशिरा होती, शाळा चालू होती. शेवटी एका दुपारी ती शाळेत गेली आणि दीपिकाच्या टेबलापाशी खाली बसली.

"दिवाळीत गिराण लागलं व्हतं. सकाळचं," ती म्हणाली. "तू झालीस, पन तुझ्या आयचं, सोमीचं रगत थांबंना. दवाखान्यात न्यायला झोळी तयार व्हती, चार बाप्ये तयार व्हते. मीच बोलले, गिराण सुटू दे, मंग उचला. बाळतिणीला गिराणात बाहेर नेत नाय, आमाला तसंच शिकवलेलं. सुटलं तवा निघालो. नदीच्या काठाला सोमी गेली. तिचा हात माझ्या हातात व्हता. मला सगळं ठाव हाय, पोरी. मी लबाड बोलले."

दीपिकाने मोबाईलवर ते दिवाळीतलं ग्रहण शोधलं. "उद्याच आहे," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागी शाळेकडे आली, ती अंगणातच थबकली. फळ्यावर तिचं नाव दोनदा होतं. ज्याला भ्यायली होती तेच झालं. ती मागे वळणार, तोच दीपिकाने तिला हात धरून आत आणलं आणि पोरांसमोर बोट ठेवून मोठ्याने वाचलं:

"चोवीस ऑक्टोबर. संयुक्त राष्ट्रांची स्थापना. एकोणीसशे पंच्याण्णवचं सूर्यग्रहण. मृत्यू, सोमी. शेवटपर्यंत हात भागीच्या हातात. जन्म, दीपिका सोमी, भागीच्या हातून."

भागीने पदर तोंडाला लावला. चांगलं रडून घेतलं, लाज न धरता. मग पुढच्या बाकावरच्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, तुझ्या हातचे किती गं?"

भागीने डोळे पुसले, दीपिकाकडे पाहिलं आणि छातीवर हात मारला.

"दोनशे बारा. आन ही बारावी तुमची बाई हाय!"