वरच्या मजल्यावरचे भातवाले

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे सालिफू देवाचा विषय निघाला की गप्प बसत. काशीत हे अवघडच. इथे नावाड्यापासून डॉक्टरपर्यंत जो तो देवाबद्दल बोलत असतो, आणि ब्रह्मा घाटावरच्या आमच्या मराठी गल्लीत तर जरा जास्तच. शेजारचे भटजीकाका त्यांना जिन्यात गाठून विचारायचे, "तुम्हारे यहाँ किसको पूजते हैं?" सालिफू हसून म्हणायचे, "काका, हमारे यहाँ छोटी बात बोलते हैं. बड़ी बात नहीं बोलते." काका विचारत राहिले. उत्तर काही बदललं नाही.

ते पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातले, समुद्रकाठच्या बागा नावाच्या जमातीतले. खाऱ्या जमिनीत भात कसा तगतो याचा अभ्यास करायला इथल्या विद्यापीठात आले होते. आईला त्यांचं नाव नीट म्हणता येईना, म्हणून ती त्यांना 'भातवाले' म्हणायला लागली. नाव मुसलमानी, शुक्रवारी नमाजालाही जायचे. गल्लीत कुरबुर झालीच. ते खोली बघायला आले तेव्हा बँकेची नोकरी आणि आईचं दुखणं यांत मी इतकी पिचून गेले होते की किरायेदार कोण ठेवावा, कोण नाही, याचा विचार करायचंही त्राण नव्हतं. आईनेच ठरवून टाकलं. म्हणाली, "भात पिकवणाऱ्याच्या घरचा आहे. राहू दे."

पण तिचं सोवळं सोवळ्याच्या जागी होतं. बाहेरच्या हातचं ती पाणीही घेत नसे. भातवाले खाली आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, स्टुलावर बसत. तिथूनच त्यांनी एकदा आईला पहिला घास कावळ्यासाठी वेगळा काढताना पाहिलं. हा कोणाचा, म्हणून विचारलं. "गेलेल्यांचा," आई म्हणाली. त्यांनी मान हलवली. मग तुटक हिंदीत त्यांच्या गावाबद्दल बरंच सांगितलं. समुद्राचं पाणी अडवायला बांध घालतात, लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पुरुष चिखल कापतात, बायका रोपं लावतात. नवा तांदूळ घरात आला की आधी गेलेल्यांचा वाटा निघतो. मग त्यांच्या घरात पहिला घास सगळ्यांत वडील बाईने खायचा, आणि ती खाईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. एवढं सांगून ते उठले. मोठी गोष्ट जवळ आली असावी.

एका नवरात्रात ते दुर्गेची मूर्ती बघून आले आणि आपणहून बोलले. त्यांच्याकडेही अशी एक होती. लाकडात कोरलेली, डोक्यापासून छातीपर्यंतची, इतकी जड की ती खांद्यांवर घेऊन नाचणारा माणूस घामाने निथळायचा. खाली पायांपर्यंत गवताचा झगा. लग्नात आणि कापणीला ती गावात यायची, बायका तिच्यावर तांदूळ उधळायच्या.

"अक्षता," आई म्हणाली. "म्हणजे तुमची देवीच."

"देवी नहीं, माँजी. औरत. बहुत बच्चों को दूध पिलाया हुआ औरत. जैसा होना चाहिए, वैसा."

त्यांच्या आजोबांच्या काळात इस्लामची शिकवण देणारा एक माणूस गावोगाव फिरला. देवराया तोडल्या गेल्या, मुखवटे जाळले गेले. पुढे सरकारनेही नाच बंद केले. उरलेलं परदेशी लोक घेऊन गेले. खूप वर्षांनी गावाने नवी कोरून घेतली, तेव्हा तिच्यापुढे सगळ्यांत आधी त्यांची आई नाचली होती. "नमाज पढ़ के गई, नाच के आई," ते म्हणाले.

ती आई गेल्याचा फोन एका सकाळी आला. दफन त्याच दिवशी होणार होतं. विमानाने निघाले असते तरी पोचले नसते. भातवाले जिन्यातच बसून राहिले. भटजीकाका आले, त्यांच्याशेजारी बसले आणि खऱ्या मायेने म्हणाले, "चलो, गंगाजी पर तर्पण कर देते हैं. माँ सबकी एक होती है."

भातवाल्यांनी हात जोडले. "काका, मेरी माँ को गंगा का रास्ता नहीं मालूम."

दुसऱ्या दिवशी ते वाफाळता वाडगा घेऊन उंबऱ्यापाशी उभे राहिले. त्यांच्या आईने कधीतरी गावाहून कुणाबरोबर पाठवलेला लालसर तांदूळ त्यांनी जपून ठेवला होता, तो शिजवला होता. "दीदी," मला म्हणाले, "मेरे घर में अब कोई बड़ी औरत नहीं है."

मी बँकेतून नुकतीच आले होते, पाय दुखत होते. त्यांना काय हवंय ते कळलं, आणि नाही म्हणायचं काम माझ्यावरच येणार हेही. "आई बाहेरचं खात नाही हो," मी म्हटलं.

आतून आईचा आवाज आला. "त्याला आत बोलव."

"स्वयंपाकघरात?"

"मग काय, जिन्यात बसून जेवू?"

ते अनवाणी आत आले, जमिनीवर बसले. आईने ताट पुढे ओढलं, वाडग्यातला थोडा भात कावळ्यासाठी काढला आणि घास घेतला. सावकाश चावला. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. मी हिंदीत सांगायच्या आधीच भातवाले रडायला लागले होते. आईने उरलेल्या भाताचा वाडगा त्यांच्या हातात दिला आणि ते जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

गल्लीतल्या काही घरांनी आईच्या हातचा प्रसाद घेणं बंद केलं. "बरं झालं. तेवढा कमी करावा लागेल," ती म्हणाली. भटजीकाका मात्र घेत राहिले.

अभ्यास संपला आणि भातवाले गेले. निघताना त्यांनी आईच्या पायांना हात लावला. त्याच हिवाळ्यात आई गेली. दिवसकार्य होईपर्यंत घरात माणसांची रीघ होती. जो तो आत्म्याबद्दल सांगत होता, पुण्यवान होती म्हणत होता, काशीत मरण आलं म्हणजे सुटली म्हणत होता. मी चहा करत होते. तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि दुपारी भातवाल्यांचा फोन आला. आई गेल्याचं मी सांगितलं. त्यांच्या मागे बायकांचं बोलणं, कोंबड्यांचा आवाज येत होता.

मग त्यांनी विचारलं, "दीदी, सोई आप?"

इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं.

"सो जाइए. मैं फोन नहीं रखूँगा."

मी फोन उशीशी ठेवला आणि आईच्या पलंगावर आडवी झाले. त्यांच्या अंगणातल्या बायका मोठमोठ्याने काहीतरी सांगत होत्या, हसत होत्या. त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. ऐकता ऐकता माझा डोळा लागला.